लायब्ररी आहे, हेडर नाहीत: रनटाइम कंपायलेशनमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

उपग्रह-प्रतिमांवर गणित करून देणारी एक सेवा. वापरकर्ता स्क्रीनवर सूत्र टाइप करतो: इन्फ्रारेड बँडमधून लाल बँड वजा, भागिले दोघांची बेरीज, या धर्तीचं. सेवा त्या सूत्राचा कूडा कर्नल (एनव्हिडियाच्या कूडा प्रणालीत जीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरवर, चालणारं फंक्शन) लिहिते, तो जागच्या जागी कंपाइल करते आणि जीपीयूवर चालवते. सूत्र आधी माहीत नसल्यामुळे सगळे कर्नल अगोदर कंपाइल करून ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून टीमने एनव्हीआरटीसी घेतली. २०१५ मध्ये कूडा ७.० बरोबर आलेली ही एनव्हिडियाची लायब्ररी सी++ सोर्स एका स्ट्रिंगमध्ये घेते आणि पीटीएक्स (जीपीयूसाठीचा मधल्या टप्प्यातला कोड) परत देते. सोबत जीसीसी (सीपीयूसाठीचा नेहमीचा कंपायलर) लागत नाही, एनव्हीसीसी (कूडाचा कंपायलर) लागत नाही, तात्पुरत्या फाइली लिहाव्या लागत नाहीत.

काम करायच्या मशीनवर उबुंटू २२.०४ आणि कूडा टूलकिट १२.४ पूर्ण बसवलेलं होतं. सर्व्हरवर डॉकर कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या फाइलींचा बंदिस्त डबा) होता, त्याची मूळ इमेज (तो ज्यावरून उभा राहतो तो साचा) एनव्हिडियाची १२.४.१, ‘रनटाइम’ प्रकारातली. या इमेज तीन प्रकारांत मिळतात. ‘बेस’मध्ये जेमतेम कूडा रनटाइम असतो, ‘रनटाइम’मध्ये गणिताच्या लायब्ररी येतात, आणि ‘डेव्हेल’मध्ये हेडर (कोडमध्ये #इन्क्लूडने ओढून घ्यायच्या सोर्स फाइली) व कंपायलरही. ‘रनटाइम’ इमेजमध्ये एनव्हीआरटीसीची .एसओ (कंपाइल केलेल्या लायब्ररीची) फाइल असते, पण कूडाचा एकही हेडर नसतो. त्यामुळे लायब्ररी बिनतक्रार लोड होते, आवृत्ती विचारली तर सांगते, कंपाइल सुरूही करते आणि मग पहिल्याच #इन्क्लूडवर थांबते.

(फाइलींची, फ्लॅगची नावं या लेखात उच्चाराप्रमाणे नागरीत आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच मूळ लिपीत द्यायची.)

काय बिघडलं

नवी इमेज सर्व्हरवर चढवल्यावर पहिले काही तास सगळं नीट चाललं. मग एका वापरकर्त्याने नवीन सूत्र टाकलं आणि विनंती फसली. सेवेच्या लॉगमध्ये एकच ओळ होती:

एनव्हीआरटीसी अयशस्वी, कोड ६

कोड ६ म्हणजे ‘कंपायलेशन एरर’. याहून जास्त त्यातून काही कळत नाही, कारण खरा मजकूर वेगळा मागावा लागतो: आधी एनव्हीआरटीसी-गेट-प्रोग्रॅम-लॉग-साइझ, मग एनव्हीआरटीसी-गेट-प्रोग्रॅम-लॉग. त्या दोन हाका कोडमध्ये होत्या, पण फक्त डीबग बिल्डमध्ये. सर्व्हरवर रिलीज बिल्ड.

पहिला अर्धा दिवस इथेच गेला. कोणाला वाटलं ड्रायव्हर जुना आहे, कोणाला वाटलं सूत्रातून चुकीचा सी++ कोड तयार होतोय. एकाने एनव्हीआरटीसी-बिल्टिन्स ही जोडलायब्ररी नसेल असा कयास बांधला. तो अगदीच वावगा नव्हता. ती नसली की कंपाइल फसतंच, पण कोड ६ नव्हे, ७ येतो. एका आकड्याने तासभर वाचला असता.

लॉग छापायला लावल्यावर हे दिसलं:

डीफॉल्ट_प्रोग्रॅम(१): कॅटॅस्ट्रॉफिक एरर: कॅनॉट ओपन सोर्स फाइल "कूडा_एफपी१६.एच"

मग आधीचे तास कसे निभावले? सेवेची स्वतःची कॅश होती. कंपाइल झालेलं पीटीएक्स डिस्कवर ठेवायचं, पुढच्या वेळी तेच उचलायचं. चाचणीच्या वेळी काम करायच्या मशीनवरचं कॅश फोल्डर जसंच्या तसं कंटेनरला जोडलं होतं आणि सर्व्हरवरही तेच गेलं. जुनी सूत्रं त्यातून भागत होती. नवीन कंटेनरमध्ये एनव्हीआरटीसीने तोवर एकही कर्नल कंपाइल केलाच नव्हता.

एकेक फाइल उचलण्याचा फेरा

एररमध्ये एका फाइलचं नाव आहे म्हटल्यावर ती फाइल इमेजमध्ये टाकायची, हा पहिला सुचणारा उपाय. टीमने तेच केलं. कूडा_एफपी१६.एच टाकल्यावर कूडा_एफपी१६.एचपीपी मागितली गेली. ती दिल्यावर व्हेक्टर_टाइप्स.एच. मग एनव्ही/टार्गेट. या शेवटच्या फाइलला एक्स्टेन्शन नाही, त्यामुळे ‘*.एच आणि *.एचपीपी कॉपी करा’ अशा आज्ञेतून ती दरवेळी निसटते.

हा फेरा लांबण्याचं कारण ‘कॅटॅस्ट्रॉफिक’ या शब्दात आहे. नेहमीच्या चुका कंपायलर एकगठ्ठा सांगतो, पण हेडर न सापडणं ही जागीच थांबायची चूक आहे. एका वेळी एकच नाव कळतं. प्रत्येक नावामागे इमेज बिल्ड, पुश, रीस्टार्ट.

मग कर्नलमधल्या एसटीडीइन्ट.एचवर गाडी अडली. आणि इथे या प्रकरणातला सर्वांत चुकीचा निर्णय झाला: --इन्क्लूड-पाथमध्ये /यूएसआर/इन्क्लूड जोडलं, कंटेनरमध्ये लिबसी६-डेव्ह (लिनक्सच्या सी लायब्ररीचे हेडर) बसवलं. पुढची एरर आली बिट्स/लिबसी-हेडर-स्टार्ट.एच सापडत नसल्याची. उबुंटूमध्ये ती फाइल /यूएसआर/इन्क्लूड/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू खाली असते. जीसीसीला तो पाथ आपोआप माहीत असतो, एनव्हीआरटीसीला नसतो. तोही जोडला. त्यानंतर आणखी एका प्रणाली-हेडरमधल्या इनलाइन फंक्शनवर नवीनच तक्रार आली: ज्या फंक्शनवर डिव्हाइस असा शिक्का नाही ते होस्टचं (सीपीयूचं) धरलं जातं आणि जिट (ऐनवेळी कंपाइल करण्याच्या) पद्धतीत होस्ट फंक्शन चालत नाही, -डीफॉल्ट-डिव्हाइस फ्लॅग वापरून पाहा.

कंपायलरनेच सुचवलेला फ्लॅग म्हणून तो लावला आणि कर्नल कंपाइल झाला. पण या फ्लॅगने शिक्का नसलेलं प्रत्येक फंक्शन, जीलिबसीचं (लिनक्सच्या सी लायब्ररीचं) सुद्धा, जीपीयूचं समजलं जातं. ग्राहकाच्या कंटेनरमधल्या लिनक्सची आवृत्ती बदलली की आपला जीपीयू कर्नल मोडणार, अशी ती जोडणी होती. टीममधल्या एका सदस्याने हा बदल मुख्य शाखेत घ्यायला नकार दिला, आणि तिथून खरा शोध सुरू झाला.

मूळ कारण

काम करायच्या मशीनवर सेवा एसट्रेसखाली (प्रोग्रॅम प्रणालीला मारतो त्या हाका टिपणारं साधन) चालवली, फक्त फाइल उघडण्याच्या हाका टिपत:

एसट्रेस -एफ -ई ट्रेस=ओपनॅट

एनव्हीसीसीला -एम देऊनही हेडरची यादी मिळते. पण एनव्हीसीसी कूडा_रनटाइम.एच आपणहून ओढून घेतो आणि होस्टचे हेडरही मोजतो, त्यामुळे ती यादी फुगलेली असते. एसट्रेसमध्ये एनव्हीआरटीसीने खरोखर कोणती फाइल कुठून उघडली तेवढंच दिसतं. कुठे कुठे शोधून ती सापडली नाही, तेही दिसतं.

त्या यादीतून उलगडलं की एकाच कर्नलला लागणारे हेडर चार वेगळ्या जातींचे होते, आणि त्या मशीनवर प्रत्येक जात निराळ्या योगायोगाने सापडत होती.

कूडाचे स्वतःचे हेडर, म्हणजे एफपी१६ (१६ बिटांच्या अपूर्णांकांसाठी) आणि कोऑपरेटिव्ह ग्रुप्स (थ्रेडच्या गटांसाठी), कोडमध्ये कायमच्या लिहून ठेवलेल्या /यूएसआर/लोकल/कूडा/इन्क्लूड या पाथवरून येत होते. कंटेनरमध्ये तिथे काही नव्हतं. अस्तित्वात नसलेला इन्क्लूड-पाथ दिला म्हणून एनव्हीआरटीसी इशाराही देत नाही, मुकाट पुढे जाते.

एनव्ही/टार्गेट आणि कूडा/एसटीडी खालचे हेडर सीसीसीएल (कूडाच्या सी++ लायब्ररींचा संच) या वेगळ्या पॅकेजचे. पूर्ण टूलकिटमध्ये ते त्याच फोल्डरमध्ये मिसळलेले असल्यामुळे ते वेगळे आहेत हे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

टीमचा स्वतःचा हेडर, टाइल_कॉमन.सीयूएच, कुठल्याही इन्क्लूड-पाथवर नव्हता. तो सापडत होता कारण सेवा नेहमी सोर्सच्याच फोल्डरमधून चालवली जायची. सोर्स जिथे आहे ते फोल्डर एनव्हीआरटीसी न सांगता धुंडाळते, आणि सोर्स स्ट्रिंग असेल तर ते फोल्डर म्हणजे प्रोसेस जिथून सुरू झाली ते. कंटेनरचं कामाचं फोल्डर दुसरंच होतं.

चौथी जात मानक सी/सी++ हेडरची: एसटीडीइन्ट.एच, टाइप_ट्रेट्स वगैरे. हे एनव्हीआरटीसीबरोबर येतच नाहीत, कारण ते होस्ट कंपायलरचे असतात आणि इथे होस्ट कंपायलरच नाही. काम करायच्या मशीनवर इन्क्लूड-पाथ ठरवणाऱ्या जुन्या स्क्रिप्टने प्रणालीच्या हेडरांची फोल्डरं केव्हाच जोडून ठेवली होती.

जाता जाता एक: कर्नलच्या माथ्यावर कूडा_रनटाइम.एचही होता. त्याची गरज नव्हती. थ्रेडआयडीएक्स, डिम३, फ्लोट४, साइझ_टी हे सगळं एनव्हीआरटीसीला हेडरशिवाय ठाऊक असतं. ती ओळ काढली.

समोरचे पर्याय

‘डेव्हेल’ इमेज घ्यायची आणि मोकळं व्हायचं, हा पहिला. कार्यालयापुरत्या साधनासाठी हेच करावं, त्यात कमीपणा नाही. इथे इमेज ग्राहकांच्या सर्व्हरवर जात होती. कंपायलर, डीबगर, प्रोफायलर आणि काही जीबींचा बोजा नुसत्या काही हेडरसाठी न्यायचा नव्हता. शिवाय त्याने पहिल्या दोन जातीच सुटल्या असत्या, टीमचा स्वतःचा हेडर तरीही सापडला नसता.

दुसरा, कूडाचे हेडर पॅकेजमधून बसवायचे. आप्टमध्ये (उबुंटूच्या पॅकेज-व्यवस्थेत) कूडा-कूडार्ट-डेव्ह-१२-४ हे पॅकेज आहे, ते कूडा-सीसीसीएल-१२-४ सोबत ओढून आणतं. पायथनवाल्यांसाठी पिपमध्ये एनव्हिडिया-कूडा-रनटाइम-सीयू१२ आणि एनव्हिडिया-कूडा-सीसीसीएल-सीयू१२. एनव्हिडिया-कूडा-एनव्हीआरटीसी-सीयू१२ एवढंच बसवलं तर गाठ पुन्हा याच एररशी, कारण त्यात लायब्ररी असते, हे हेडर नसतात.

तिसरा, हेडरचा मजकूर प्रोग्रॅममध्येच भरायचा. एनव्हीआरटीसी-क्रिएट-प्रोग्रॅमला सोर्सबरोबर दोन याद्या देता येतात: हेडरचे मजकूर आणि त्यांची नावं. मग डिस्कची गरजच नाही. कूडाचे हेडरही असेच भरावेत असं एकाचं मत होतं. पण एनव्हिडियाच्या परवान्याच्या परिशिष्ट अ मध्ये कोणत्या फाइली पुढे वाटता येतात त्याची नावानिशी यादी आहे. प्रत्येक आवृत्तीला ती ताडून पाहण्याचं काम कोणी अंगावर घेईना.

चौथा, जिटिफाय. एनव्हिडियाचीच ही मुक्त लायब्ररी नेमका तो फेरा आपोआप करते: कंपाइल करून पाहते, लॉगमधून न सापडलेल्या हेडरचं नाव काढते, तो मिळवते, पुन्हा प्रयत्न करते. मानक हेडरांचे पर्यायही तिच्यात आहेत. चालू स्थितीतला मोठा कोड एनव्हीआरटीसीवर आणायचा असेल तर ती सोयीची. इथे कर्नल टीमनेच लिहिलेले, हेडर मोजके. काय लागतं ते उघड दिसावं म्हणून हा पर्याय बाजूला ठेवला.

सर्व्हरवर एनव्हीसीसी चालवण्याचा विचार पाच मिनिटांत संपला: त्याला जीसीसी लागतो आणि प्रत्येक सूत्रामागे नव्या प्रोसेस उभ्या राहतात.

काय केलं

कूडाचे आणि सीसीसीएलचे हेडर आप्टमधून, टीमचे हेडर प्रोग्रॅममध्ये भरून, आणि मानक हेडर कर्नलमधून हद्दपार. प्रत्येक जातीला वेगळा इलाज झाला.

मानक हेडरचं काम सर्वांत सोपं निघालं. एसटीडीइन्ट.एचऐवजी कूडा/एसटीडी/सीएसटीडीइन्ट. मात्र त्यातली नावं कूडा::एसटीडी या नेमस्पेसमध्ये असतात, त्यामुळे लागणाऱ्या दोन-तीन नावांसाठी यूझिंगच्या ओळी लिहिल्या. टाइल_कॉमन.सीयूएच होस्टच्या कोडमध्येही वापरला जात असल्याने तिथे __कूडासीसी_आरटीसी__ या मॅक्रोवर दोन फांद्या केल्या. हा मॅक्रो फक्त एनव्हीआरटीसीखाली असतो. हे झाल्यावर /यूएसआर/इन्क्लूड, लिबसी६-डेव्ह आणि -डीफॉल्ट-डिव्हाइस तिन्ही गेले.

स्वतःचे हेडर भरताना दोनदा ठेच लागली. एकदा नावावरून. यादीत दिलेलं नाव आणि #इन्क्लूडमधलं नाव अक्षर न अक्षर सारखं हवं. काही ठिकाणी "../कॉमन.सीयूएच" अशा उलट्या वाटा होत्या. त्या सगळ्या एकाच मुळापासून, "टाइल/कॉमन.सीयूएच" अशा लिहिल्या.

दुसरी ठेच फसवी होती. हेडरचा मजकूर सी ॲरेमध्ये बदलायला एक्सएक्सडी -आय वापरला. त्याच्या ॲरेच्या शेवटी शून्य बाइट नसतो, आणि एनव्हीआरटीसीला शून्याने संपणारी स्ट्रिंग लागते. त्यामुळे हेडर संपल्यावर शेजारच्या मेमरीतला कचरा वाचला जायचा. काही बिल्डमध्ये योगायोगाने पुढे शून्यच असायचं आणि सगळं ठीक वाटायचं, काहींत हेडरच्या शेवटच्या ओळीपलीकडे अनोळखी अक्षरांची एरर. बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये शेवटी एक शून्य जोडलं.

कंपाइलचे पर्याय अखेर असे झाले, प्रत्येक पर्याय स्वतंत्र स्ट्रिंग म्हणून:

--जीपीयू-आर्किटेक्चर=कंप्यूट_८०
--एसटीडी=सी++१७
--नो-सोर्स-इन्क्लूड
--इन्क्लूड-पाथ=/यूएसआर/लोकल/कूडा-१२.४/टार्गेट्स/एक्स८६_६४-लिनक्स/इन्क्लूड

तिसऱ्या ओळीने चालू फोल्डर धुंडाळणं बंद होतं. आता टीमचा एखादा हेडर यादीत भरायचा राहिला, तर एरर ग्राहकाकडे नव्हे, लिहिणाऱ्याच्या मशीनवर येते. चौथ्या ओळीत सिमलिंक टाळून खरा पाथ दिला आहे. कोडमध्ये मात्र तो कायमचा लिहिलेला नाही. आधी सेवेचा स्वतःचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, मग कूडा_पाथ, मग एनव्हीआरटीसीची .एसओ जिथून लोड झाली तिथून मागे जाऊन अंदाज, असा क्रम आहे. सापडलेल्या फोल्डरमध्ये कूडा_एफपी१६.एच आणि एनव्ही/टार्गेट दोन्ही आहेत का, हे सेवा स्वतः तपासते, कारण नसलेल्या पाथबद्दल एनव्हीआरटीसी चकार शब्द काढत नाही.

आवृत्तीचाही मेळ घालावा लागला. हेडर एका आवृत्तीचे आणि लायब्ररी दुसरीची असेल तर एरर हेडरच्या पोटात कुठेतरी उगवते आणि आपल्याच कर्नलचा संशय येतो. म्हणून सेवा सुरू होताना कूडा_रनटाइम_एपीआय.एचमधला कूडार्ट_व्हर्जन वाचला जातो, १२.४ साठी तो १२०४० असतो, आणि एनव्हीआरटीसी-व्हर्जनच्या उत्तराशी ताडला जातो. जुळलं नाही तर सेवा दोन्ही आकडे छापून थांबते.

कॅशची किल्ली आधी सोर्स आणि पर्याय यांच्या हॅशवर (मजकुरावरून काढलेल्या छोट्या ठशावर) होती. हेडर बदलला तरी किल्ली तीच, म्हणजे दुरुस्त केलेला हेडर महिनोन्‌महिने वापरातच न येण्याची सोय. किल्लीत आता भरलेल्या हेडरांचा हॅश, एनव्हीआरटीसीची आवृत्ती आणि जीपीयूचं आर्किटेक्चर धरलं आहे. कॅश फोल्डर इमेजबरोबर पाठवणं बंद झालं.

निकाल

सेवा सुरू होताच एक छोटा कर्नल कंपाइल करते, ज्यात उत्पादनातल्या प्रत्येक हेडरचा #इन्क्लूड आहे. तो फसला तर कंटेनर ‘तयार’ म्हणून नोंदला जात नाही. हीच चाचणी रोज रात्री नेमक्या ‘रनटाइम’ इमेजमध्ये, रिकाम्या कॅशवर आणि असंबंधित फोल्डरमधून चालते. एनव्हीआरटीसी कंपाइल करायला जीपीयू लागत नाही, त्यामुळे साधं बिल्ड मशीन पुरतं.

वेगळं काय करता आलं असतं

कंपाइलचा लॉग रिलीज बिल्डमध्ये पहिल्यापासून छापला असता तर अर्धा दिवस वाचला असता. त्यात गुप्त काही नसतं, एरर आली तरच छापायचा.

एसट्रेस दुसऱ्या फेरीतच लावायला हवा होता. एक फाइल हरवली तर ती विसरलेली असू शकते, पण ती दिल्यावर लगेच दुसरी मागितली गेली की यादीच हाताशी नाही हे ओळखावं. एकेक फाइल उचलण्याचा आणखी एक तोटा असा की त्या कुठल्या आवृत्तीच्या, कुठून आल्या, याची नोंद राहत नाही. टीमच्या इमेजमध्ये त्या फेऱ्यातल्या दोन फाइली पुढे बरेच दिवस पडून होत्या.

-डीफॉल्ट-डिव्हाइसबद्दल मतभेद आजही आहे. शिक्के नसलेला स्वतःचा जुना कोड आणताना तो फ्लॅग उपयोगी पडतो, असं एकाचं म्हणणं, आणि ते खरं आहे. आक्षेप प्रणालीच्या हेडरांवर तो लावण्याला होता.

पुढे कूडा १३.० वर जाताना रात्रीची चाचणी पहिल्याच दिवशी एनव्ही/टार्गेटवर अडली. १३.० मध्ये सीसीसीएलचे हेडर इन्क्लूडमधून इन्क्लूड/सीसीसीएल या पोटफोल्डरमध्ये हलवले गेले. एनव्हीसीसी तो पाथ स्वतः जोडतो, त्यामुळे टीमचा बाकीचा सगळा कोड न कुरकुरता बिल्ड झाला होता. एनव्हीआरटीसीला तो सांगावा लागला: पर्यायांत आणखी एक --इन्क्लूड-पाथ, आणि फोल्डर तपासणाऱ्या कोडमध्ये एनव्ही/टार्गेट दोन्ही ठिकाणी शोधणारी एक ओळ.